सात नंबरचा हात

मला आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव आहे, लग्नात सासरच्यांनी तांदळात काढलेलं दुसरं आहे, आणि विमा कचेरीत आडनावापुढं 'बाई' लावून हाक मारायचे ते तिसरं. यशवंत रणपिसे सरांनी यातलं एकही कधी वापरलं नाही. ते मला 'टेबल' म्हणायचे. भर लक्ष्मी रस्त्यावर, हातात भाजीची पिशवी असताना मागून आवाज यायचा, "काय टेबल, बरं आहे ना?" माझ्या मुलीच्या बारशाला आले, पाळण्यात डोकावले आणि म्हणाले, "टेबल, नाव छान ठेवलंत." हे गृहस्थ कोण आणि आपल्या सुनेला फर्निचर का म्हणतात, असं सासूबाई पुढं कितीतरी दिवस विचारत होत्या.

तर ते टेबल म्हणजे बास्केटबॉलच्या मैदानाच्या कडेला असतं ते. गुण लिहिणारा, घड्याळ सांभाळणारा असे आम्ही तिथं बसतो. पंचानं फाउल दिला की तो टेबलासमोर येतो आणि हाताच्या खुणांनी सांगतो की फाउल कितव्या नंबरनं केला, काय केलं आणि आता पुढं काय. आम्ही लिहून घेतो. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल. मी कॉलेजात खेळायचे, गुडघा गेला, आणि खेळ काही सुटेना म्हणून टेबलावर येऊन बसले. पुण्यात अशी हौस असलेली माणसं बरीच असतात. त्यांना चहा मिळतो आणि उन्हात बसायला खुर्ची मिळते.

पहिल्याच सामन्यात सरांनी मला झापलं. मी आपली रंगात येऊन बॉलकडं बघत होते. शिट्टी वाजली, सर समोर येऊन खुणा करून गेले आणि मी शेजारच्या घड्याळवाल्याला विचारलं, कितवा नंबर हो? सर परत वळले. सामना थांबलेला, दहा खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे. ते टेबलावर वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "बॉल बघायला एवढे लोक आलेत. मला बघायला फक्त तुम्ही आहात." मला इतका राग आला की घरी जाऊन मी रागातच कणीक मळली. पण त्या दिवसापासून सर मैदानात असले की मी बॉल बघितला नाही. त्यांनाच बघत राहिले. याचे परिणाम पुढं झाले, ते सांगेनच.

सर खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. वडीलही तिथंच होते, त्यामुळं जन्म क्वार्टर्समधला. काळे, उंच, काटकुळे, आणि चालताना जमिनीवर रेघ आखलेली असल्यासारखे चालायचे. पंचाचा करडा शर्ट कधी अंगात घालून यायचे नाहीत. इस्त्री केलेला शर्ट हँगरला लावून मोपेडच्या आरशाला अडकवायचे आणि संगम पुलावरून तो शर्ट फडफडत यायचा. शिट्टी धातूची, मिठाच्या गरम पाण्यात धुतलेली. पाण्याची बाटली आणि चहाचा थर्मास घरचा. आयोजकांचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. "पंचानं कुणाकडचं पाणी पिऊ नये," म्हणायचे. लोक म्हणायचे, काय हा माज! मीसुद्धा म्हटलंय.

खरं कारण मला कमलवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं सांगितलं. सर नवे असताना पेठेतल्या एका जुन्या क्लबवर त्यांना विचारलं गेलं, "आपण मूळचे कुठले?" हा प्रश्न पुण्यात कशासाठी विचारतात ते पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. सर म्हणाले, "खडकीचा." "नाही, त्याआधी?" "त्याआधीही खडकीच." मग कुणीतरी हळूच आडनाव सांगितलं, आणि मध्यंतरात सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांतून सरबत आलं, सरांचं काचेच्या ग्लासातून. एकट्याचं. सरांनी ते प्यायलं, थँक्यू म्हणाले, सामना संपवला आणि घरी येऊन वहिनींना थर्मास आणायला सांगितलं. मला त्यांनी स्वतः यातलं अक्षरही कधी सांगितलं नाही. त्या क्लबचे लोक अजून वर्तमानपत्रात खेळाडूवृत्तीवर पत्रं लिहितात.

आता हाताबद्दल सांगते, कारण सरांचं सगळं त्या हातात होतं. जुन्या पद्धतीत पंच शिट्टी वाजवून एका हाताची मूठ वर करायचा आणि दुसरा हात फाउल करणाऱ्याच्या कमरेच्या दिशेनं लांब करायचा. मग ज्यानं फाउल केला त्या खेळाडूनं स्वतःचा हात वर करायचा. म्हणजे होय, मी केलं. त्यानंतरच पंच टेबलाकडं वळायचा. ही रीत नियमाच्या पुस्तकातून कधीच गेली होती, पण आमच्याकडं कुणी काढली नव्हती, कारण सर ती काढू देत नव्हते. उजवी मूठ वर, डावा हात पुढं, आणि हात वर होईपर्यंत मारुतीच्या मूर्तीसारखे उभे.

एकदा एका बड्या बिल्डरचा मुलगा हात वर करेना. नवे बूट, नवं मनगटी घड्याळ, तेही सरांनी आधी काढायला लावलेलं, त्यामुळं तो फुरंगटलेला. सर उभे. तो उभा. बाप गॉगल लावून थेट मैदानात आला आणि सरांना म्हणाला, अहो, तुम्ही दिलात ना फाउल, मग लिहा आणि चालू करा, हे काय नाटक. सरांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "टेबल, प्रेक्षक मैदानात आलेत, घड्याळ बंद ठेवा." शेवटी पोरानं कानापर्यंत, चोरटा का होईना, हात उचलला. त्या दिवशी सर मोपेडला किक मारताना मला म्हणाले होते, "टेबल, आपल्याकडं अशी जागा दुसरी नाही. कुणाचा पोरगा आहे हे न विचारता त्याला हात वर करायला लावता येतो." मी म्हटलं, फार लावून धरता तुम्ही. ते म्हणाले, हो.

आणि याची दुसरी बाजूही मी पाहिली. रास्ता पेठेतल्या एका सामन्यात सरांनी चार नंबरकडं हात केला, तर शेजारच्या नऊ नंबरनं पटकन हात वर केला आणि म्हणाला, "मी, सर." सर एक क्षण थांबले, टेबलासमोर आले आणि नऊ नंबर दिला. सामन्यानंतर त्या नऊ नंबरच्या पाठीवर त्यांनी थाप मारली नाही की शाबासकी दिली नाही. मला मात्र म्हणाले, "पंचाला दोन डोळे. दहा खेळाडूंचे धरले तर किती झाले?" त्या संध्याकाळी ते इतके खूश होते की मोपेड ढकलत माझ्याबरोबर अपोलो टॉकीजपर्यंत चालत आले.

पण सरांना फायनल मिळत नसे. उपांत्यपूर्व सामना मिळायचा, उपांत्य मिळायचा. राज्य स्पर्धेची फायनल आली की यादीत शहरातली दोन ठरलेली आडनावं. आमच्या बास्केटबॉल संघटनेचे सेक्रेटरी साहेब तोंडभरून म्हणायचे, रणपिसे म्हणजे आमचा भरवशाचा माणूस. भरवशाच्या माणसाला तोंडाला पानं पुसायला सोपं जातं. पन्नाशी झाली की पंचाला संघटनेच्या पंचांच्या यादीतून, म्हणजे पॅनेलवरून, उतरावं लागे. सरांची पन्नाशी जवळ आली होती आणि त्याच वर्षी राज्य स्पर्धा पुण्यात व्हायची होती. त्यांना आयुष्यात एक फायनल करायची होती. हे त्यांनी मला एकदाच, बुटाची नाडी बांधताना, खाली मान घालून सांगितलं. बढती नको, सत्कार नको, एक फायनल.

नेमकं तेव्हाच सगळं बदललं. शहरही बदलत होतं म्हणा. हिंजवडीला काचेच्या इमारती उठत होत्या, आमच्या क्लबांच्या मैदानांवर पार्किंग येत होतं, आणि ज्यांना मराठी येत होतं तेही एकमेकांशी इंग्रजीत बोलायला लागले होते. पंचांसाठी शिबिर लागलं. बाहेरून एक तरुण प्रशिक्षक आला, आठवडाभर कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आणि शनिवार-रविवार पंचगिरी. पडद्यावर चित्रं दाखवून त्यानं सांगितलं की आता दोन नाही, तीन पंच. प्रत्येकानं आपापला भाग बघायचा. फाउल दिला की फक्त मूठ वर. खेळाडूकडं हात करायचा नाही, तो त्याचा अपमान समजला जातो. खेळाडूच्या हाताची वगैरे वाट बघायची नाही. चालत टेबलाकडं यायचं, नंबर इंग्रजीत बोलायचा, आणि मुख्य म्हणजे निर्णयात थांबलेलं दिसता कामा नये. "हेझिटेशन इज गिल्ट," असं तो म्हणाला आणि सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

सरांनी हात वर करून विचारलं, की दोघांनी एकदम उडी मारली आणि कुणाचा हात लागला ते मला कळलं नाही, तर? पोरगा हसून म्हणाला, "सर, देन यू जस्ट सेल इट." म्हणजे विकायचं. जे ठरवलं ते ठामपणे विकायचं. सरांनी वही मिटली. घरी जाताना मला म्हणाले, "टेबल, आजवर मी फाउल दिले. विकला एकही नाही." मला वाटलं, हे आता भांडणार, नाहीतर सोडून देणार. आणि खरं सांगते, सोडून दिलं असतं तर बरं झालं असतं.

सोडलं नाही. फायनल हवी होती ना! नव्या परीक्षेशिवाय पॅनेल नव्हतं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर हा माणूस पहाटे खडकीच्या मैदानावर पोरांबरोबर धावायला लागला. खुणा आरशासमोर बसवायला लागला. डावा हात आपोआप पुढं जायचा, म्हणून डाव्या काखेत घडी घातलेला रुमाल धरायचे. हात पुढं गेला की रुमाल खाली. कमलवहिनी सांगत होत्या, "दिवसभर रुमाल उचलतेय मी. बटाटे संपले म्हटलं तरी मूठ वर करतात." आम्ही दोघी खूप हसलो. सर गॅलरीत होते, त्यांना ऐकू गेलं असणार. परीक्षेच्या दिवशी रुमाल नव्हता, तरी हात हलला नाही. सर पास झाले, आणि तो प्रशिक्षक म्हणाला की या वयात एवढा क्लीन माणूस त्यानं पाहिला नाही. आणि यादी लागली, तेव्हा राज्य स्पर्धेच्या पुरुषांच्या फायनलपुढं तीन नावांत यशवंत रणपिसे हे नाव होतं. वहिनींनी पुरणपोळ्या केल्या. मी खाऊन आले.

आता निखिल. हा येरवड्याचा मुलगा, वडील नव्हते, आई शिवणकाम करायची. सर संध्याकाळी खडकीच्या ज्या मैदानावर पोरांना खेळ शिकवायचे, तिथंच वाढला. बूट सरांनी घेऊन दिलेले, दहावीचं गणित सरांनी शिकवलेलं, आणि मैदानात शिरताना पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच, की आपलं असेल तर हात वर. पुण्याच्या संघात तो आता सात नंबरनं खेळत होता, आणि संघ फायनलला पोचला. सर लगेच सेक्रेटरी साहेबांकडं गेले. मी तिथं टेबलाचे कागद घेऊन उभीच होते. सर म्हणाले, सात नंबर माझ्या मैदानावरचा आहे, मला बदला. फायनल जीव की प्राण असलेला माणूस हे सांगत होता. साहेब हसले. "अहो सर, पुण्यातलं प्रत्येक पोरगं कुणाच्या ना कुणाच्या मैदानावरचं आहे. तुमच्यावर कोण संशय घेणार?" असं म्हणून त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. मी हे माझ्या कानांनी ऐकलंय.

फायनल नव्या स्टेडियममध्ये, लाकडी फळ्यांच्या मैदानावर. सर त्या दिवशी इतके सुंदर दिसत होते! सामना चुरशीचा झाला, शेवटचं मिनिट, दोन्ही संघ जवळजवळ बरोबरीत. निखिलचे चार फाउल झालेले. पाचवा झाला की तो बाहेर, आणि तो बाहेर म्हणजे पुणे हरलं. शिवाय राज्य संघाचे निवडकर्ते समोरच बसलेले. पाहुण्या संघाचा खेळाडू बास्केटखाली उडाला, त्याच्यावर आमचे सात आणि बारा नंबर दोघं एकदम उडाले. शिट्टी वाजली. सरांची.

मी नेहमीप्रमाणे सरांकडं बघत होते. मूठ वर. डावा हात अंगाला चिकटलेला. आणि सर थांबले. दोघांकडं पाहिलं, मग फक्त निखिलकडं. आमच्या जुन्या मैदानांवर एव्हाना हात वर झाला असता. माझ्या शेजारी पंचांना गुण देणारा निरीक्षक पेन घेऊन बसला होता, त्यानं मान वर केली. निखिल वाकला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. सर चालत टेबलासमोर आले, उजवी मूठ म्हणजे दहा, डाव्या हाताची दोन बोटं, आणि अगदी ठाम आवाजात म्हणाले, "ट्वेल्व." मनगटावर मारल्याची खूण केली, दोन फ्री थ्रो दाखवले. मी बारा नंबरपुढं लिहिलं. बारा नंबरनं तोंड उघडलं, बाकावरच्या कोचकडं पाहिलं आणि मिटलं. शेवटच्या क्षणी निखिलनं बास्केट केली. पुणे एका गुणानं जिंकलं.

पाहुण्यांपैकी कुणाच्या तरी वडिलांकडं व्हिडिओ कॅमेरा होता. त्यात हात निखिलचा होता, आंधळ्यालाही दिसेल असा. दुसऱ्या दिवशी बोंब झाली, आणि ती चुकीबद्दलची बोंब नव्हतीच. पंच चुकला, एवढीच असती तर मी गप्प बसले असते. बोंब अशी झाली की पंचानं स्वतःच्या चेल्याला वाचवलं. ज्यानं कधी आयोजकांचा चहा घेतला नाही, त्या माणसाबद्दल! चौकशी बसली. सेक्रेटरी साहेब गंभीर चेहरा करून म्हणाले, रणपिश्यांनी आम्हाला या संबंधाची कल्पना द्यायला हवी होती. मी उठून म्हटलं, दिली होती, तुम्ही खांद्यावर हात ठेवलात, मी तिथं होते. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या. फाउल कुणी केला ते तुम्ही पाहिलंत का?"

आणि मी काय सांगणार? मी पाहिलंच नव्हतं. मी सरांना बघत होते. सगळं स्टेडियम बॉल बघत होतं, आणि जिच्या शब्दाला थोडीफार किंमत होती ती एकटी बाई पंचाचं तोंड बघत होती. मी म्हटलं, ते थांबले, ते वाट बघत होते. एक सदस्य म्हणाला, थांबले म्हणजे विचार करत होते, कुणावर ढकलावं याचा. चौकशीला बोलावलेल्या त्या तरुण प्रशिक्षकानंही मान हलवली. शिबिरात त्यानंच शिकवलं होतं ना, थांबणं म्हणजे गुन्हा. सरांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की चूक झाली, लबाडी नाही. सात नंबरशी तुमचा संबंध काय, या प्रश्नाला म्हणाले, "संबंध मी आधी सांगितलेला आहे." साहेब खिडकीबाहेर बघत होते.

मी तडक निखिलला गाठलं. तो सरावाला आला होता. म्हटलं, अरे, एक शब्द बोल, की माझा होता आणि मी गप्प बसलो. सामना गेला तर गेला, माणूस वाचेल. तो बुटाकडं बघत होता. म्हणाला, "मॅडम, सिलेक्शनची लिस्ट आठवड्यात लागेल. प्लीज, आत्ता नको." त्याचा कोच मधे पडला, म्हणे, हात दाखवून अवलक्षण कशाला? मी त्या कोचला काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. निखिलला एवढंच म्हटलं, की तुझ्या पायात ते बूट कुणी घातले आठव. तो म्हणाला, "मला सगळं माहीत आहे, मॅडम." आणि रडायला लागला. रडला, पण बोलला नाही. माझा त्या रडण्यावर तेव्हाही विश्वास बसला नाही आणि आजही नाही.

सरांना सांगितलं, तर ते माझ्यावरच चिडले. तुम्हाला कुणी सांगितलं होतं जायला? मी म्हटलं, अहो, मग तुम्ही स्वतः सांगा ना त्याचं नाव. ते म्हणाले, "मी नंबर देतो, टेबल. बारा मी दिला." त्यांच्या नावापुढं पक्षपात असा शेरा मारून त्यांना पॅनेलवरून काढलं. पन्नाशीला तसेही काही महिनेच उरले होते, तेवढीही वाट बघितली नाही. निखिल राज्य संघात गेला, खेळाच्या कोट्यातून इंजिनीअरिंगला गेला. सरांनी खडकीच्या मैदानावर जायचं बंद केलं. वहिनी सांगायच्या, संध्याकाळ झाली की गॅलरीत बसतात आणि मैदानाकडं पाठ करून वर्तमानपत्र वाचतात.

बरीच वर्षं गेली. सर निवृत्त झाले, मीही झाले. एके दिवशी फोन आला, "टेबल, रविवारी मोकळ्या आहात का?" हिंजवडीच्या एका कंपनीच्या खेळांच्या दिवसाला पंच हवे होते आणि कुणी तरी सरांचं नाव दिलं होतं. मी म्हटलं, तिकडं कशाला जाता, ती पोरं नियम पाळत नाहीत. म्हणाले, शिट्टी वापरली नाही की गंजते. मग गेले मी.

गाणी लागलेली, संघांची नावं जंगली जनावरांची, पोरीपोरं सेल्फी काढतायत. सर तोच करडा शर्ट घालून, थोडे वाकलेले. पहिला अर्धा सामना त्यांनी चोख केला. कुणी त्यांना अंकल म्हणत होतं, कुणी ब्रो. मध्यंतरात गळ्यात ओळखपत्र लटकवलेला, पोट सुटलेला एक माणूस धावत आला आणि सरांच्या पाया पडला. मी ओळखलंच नाही. सरांनी ओळखलं. निखिल. तिथला मोठा मॅनेजर झाला होता.

त्यानं आपल्या सगळ्या पोरांना गोळा केलं. सरांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "गाइज, आज मी जो काही आहे तो या माणसामुळं. स्टेट फायनल, लास्ट मिनिट, माझे चार फाउल. पाचवा मीच केला होता, क्लिअर. सर माझ्याकडं बघतायत, असे, डोळ्यांत डोळे. मला वाटलं संपलं. आणि सरांनी दिला कुणाला? दुसऱ्याला! माझ्यासाठी स्वतःचं करिअर घालवलं यार यांनी." पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, लेजंड. निखिलचे डोळे भरून आले होते, आणि या वेळी ते रडू खरं होतं, तेच तर वाईट. तो सरांना हळूच म्हणाला, "सर, मीपण कधी कुणाला बोललो नाही. म्हटलं, तुमचं नाव खराब नको व्हायला."

इतकी वर्षं हा मुलगा हेच धरून बसला होता. सगळ्या पुण्यानं सरांवर जो आळ घेतला, तो खरा मानणारा आणि त्यासाठी त्यांचे उपकार मानणारा जगात एकच माणूस होता, आणि तो हा. मला वाटलं उठून त्याच्या थोबाडीत द्यावी. मी उठलेसुद्धा. सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी बसले.

त्यांनी निखिलचा हात आपल्या खांद्यावरून काढला, रागानं नाही, शर्टावरची धूळ काढावी तसा. म्हणाले, "मी बघितलं नव्हतं कुणाचा हात लागला ते. म्हणून तुझ्याकडं बघत होतो. तुझ्या हाताची वाट बघत होतो."

"कुठल्या हाताची, सर?" निखिलनं विचारलं.

त्याला खरंच कळलं नव्हतं. सर त्याच्याकडं बघत उभे राहिले, मग माझ्याकडं वळून म्हणाले, टेबल, मध्यंतर संपलं का? मी म्हटलं, संपलं. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि बॉल उचलून ते मैदानाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. गाणं अजून चालूच होतं, आणि सर ते बंद व्हायची वाट बघत होते.